पाण्याचा अहवाल कोणासाठी?

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशाच्या ग्रामीण भागात घरी नळ असलेली कुटुंबे ३ कोटी २३ लाखांच्या घरात होती. पुढील सहा वर्षांत ही संख्या १५ कोटींच्या वर गेली. डोक्यावरचा हंडा उतरणे ही सामान्य घटना नव्हे. वैशाखातल्या उन्हात पाण्यासाठी होणारी पायपीट ज्यांनी पाहिली आहे, ते या कामगिरीला नाक मुरडणार नाहीत. परंतु नळ दारात आला म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला, असे मानण्याची घाई करणे योग्य होणार नाही. गावातली बाई विहिरीवरून पाणी आणत होती, तोवर विहिरीचा फुटका कठडा, शेजारचा उकिरडा आणि पावसाळ्यात गढूळ होणारे पाणी हे सारे तिच्या डोळ्यांपुढे होते. नळाने ते दृष्टीआड केले. पाणी कोठून येते, त्यात काय मिसळले जाते आणि काय मिसळायचे राहून जाते, हे आता तिला दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानावे लागते. तेव्हा हे सांगण्याची जबाबदारी कोणाची, आणि तो काय, केव्हा व किती खरे सांगतो, हा प्रश्न नळाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रात पाण्याची तपासणी होतच नाही, अशी सरसकट तक्रार करणे अन्यायाचे होईल. ग्रामपंचायतीकडे जलसुरक्षक असतो. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मिसळण्याचे व पाण्याचे नमुने गोळा करण्याचे काम त्याच्याकडे असते. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग येतो की नाही हे पाहण्याची ‘ओटी’ चाचणी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातवळणीची आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि जोखीम पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. रासायनिक व जैविक तपासणीसाठी प्रयोगशाळा आहेत. गावोगावच्या पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे शिक्षण द्यावे, असे जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. भारतीय मानक १०५०० तर कोणत्याही प्रगत देशाच्या मानकाशेजारी ठेवावे असे आहे. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जिवाणू मुळीच आढळू नये, नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि पाण्यात उरलेला मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असे ते मानक सांगते.

यंत्रणा आहे, चाचणी आहे, मानकही आहे. मग उणीव कोठे आहे? ती अहवालाच्या दिशेत आहे. नमुना गावात घेतला जातो. त्याचा निकाल तालुक्याला जातो, तालुक्याचा गोषवारा जिल्ह्याला आणि जिल्ह्याचा राज्याला. प्रत्येक पायरीवर आकडे बेरजेत मिळत जातात. एखाद्या वाडीच्या टाकीचा बिघडलेला नमुना जिल्ह्याच्या तक्त्यात पोचेपर्यंत टक्केवारीतला एक अंश होऊन बसतो. ग्रामपंचायतीला कळले तरी ते पत्र दप्तरात लागते. त्या टाकीचे पाणी पिणाऱ्या घराला यातले काय कळते? अहवाल वर चढतो, पण खाली उतरत नाही. ज्याच्या घशाखाली ते पाणी जायचे आहे, तोच या व्यवहारात अनुपस्थित असतो.

कचेरीत काम केलेल्या कोणालाही ‘निरंक’ या शब्दाचे सामर्थ्य ठाऊक आहे. मासिक विवरणपत्रात ‘दूषित नमुने : निरंक’ असे लिहिले की वरचा प्रश्न थांबतो. परंतु हे निरंक दोन प्रकारचे असू शकते. वीस नमुने तपासले आणि एकही दूषित निघाला नाही, हे एक. एकही नमुना तपासला नाही, म्हणून एकही दूषित निघाला नाही, हे दुसरे. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पोटात गेल्यावर मात्र ते सारखे राहत नाहीत. छोट्या योजनांत हा धोका विशेष असतो. शहराच्या शुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ असतात, दिवसातून अनेकदा मोजणी होते. पाच-सातशे वस्तीच्या गावात एक विहीर, एक पंप, एक टाकी आणि अपुऱ्या मानधनावर राबणारा एक माणूस असतो. तो आजारी पडला, टीसीएल संपले, किंवा ओलसर खोलीत पडून त्याचा जोर गेला, तर ते ताडून पाहणारा दुसरा कोणी नसतो. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. पोत्याचे तोंड उघडे राहिले की तो उडत जातो. मग पावडर रोज टाकली जाते, नोंदही रोज होते, आणि जंतूही रोज जिवंत राहतात.

ही भीती कल्पनेतली नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात वॉकरटन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. श्रीमंत देश, सुशिक्षित लोक, स्वतःच्या विहिरी असलेली स्थानिक पाणीपुरवठा संस्था. मे २००० मध्ये तेथे जोराचा पाऊस झाला आणि एका उथळ विहिरीत जवळच्या शेतातील शेणखताचा अंश उतरला. त्यासोबत ई. कोलायचा एक घातक प्रकार आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू नळांत आले. सात माणसे दगावली, सुमारे २३०० आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत जे बाहेर आले, ते प्रत्येक ग्रामपंचायतीने वाचावे असे आहे. विहिरीवरचे कर्मचारी पाण्यातील क्लोरीन रोज मोजण्याऐवजी वर्षानुवर्षे वहीत ठराविक आकडे मांडत आले होते. क्लोरीनच्या वासाची लोक तक्रार करीत, म्हणून तो कमी सोडला जाई. आणि विशेष म्हणजे हे कर्मचारी खलपुरुष नव्हते. विहिरीचे पाणी मुळातच चांगले आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती आणि ते स्वतः तेच पाणी पीत.

परंतु या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग पुढेच आहे. १५ मे रोजी घेतलेले नमुने दूषित असल्याचे प्रयोगशाळेने १७ मे रोजी कळविले. कोणाला? पाणीपुरवठा संस्थेला. आरोग्य अधिकाऱ्याला कळविण्याचे कायदेशीर बंधन प्रयोगशाळेवर नव्हते. ही तपासणी पूर्वी सरकारी प्रयोगशाळा करीत; १९९६ मध्ये ते काम खाजगी प्रयोगशाळांकडे गेले, पण निकाल कोणाला कळवायचा याचा नियम मात्र कोणी केला नाही. मुले रुग्णालयात येऊ लागली, तेव्हा आरोग्य खात्याने पाण्याविषयी चौकशी केली. व्यवस्थापकाने दूषित नमुन्यांचा निकाल हाती असतानाही पाणी ठीक असल्याचे सांगितले. अखेर २१ मे रोजी आरोग्य खात्याने स्वतःच्या जबाबदारीवर पाणी उकळून पिण्याची सूचना काढली. चार दिवस सत्य एका कचेरीत होते आणि गाव तेच पाणी पीत होते. चाचणी झाली नव्हती असे नाही. चाचणी अचूक होती. निकाल पोचला नाही, एवढेच झाले. पुढे ओंटारिओने कायदा बदलला. दूषित निकाल प्रयोगशाळेने आरोग्य अधिकाऱ्यास तत्काळ कळविलाच पाहिजे, असे बंधन आले. त्यासाठी सात जीव जावे लागले.

अमेरिकेत याच विचाराने एक वेगळी वाट काढली गेली. तेथील १९७४ च्या पेयजल सुरक्षा कायद्यात १९९६ साली दुरुस्ती झाली आणि १९९८ च्या नियमाने प्रत्येक सार्वजनिक वस्ती-योजनेवर वार्षिक अहवालाचे बंधन घातले. वर्षभर राहणारी २५ माणसे किंवा १५ जोडण्या एवढी लहान योजनाही यातून सुटत नाही. पाणी कोठून येते, त्यात काय सापडले, मर्यादा किती होती, ती कितीदा ओलांडली गेली, आणि त्याचा शरीरावर काय परिणाम होऊ शकतो, हे मागील वर्षापुरते सांगणारा अहवाल दर वर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकापुढे आला पाहिजे. लहान योजनांना घरोघरी टपाल करण्याऐवजी स्थानिक वृत्तपत्रात तो छापण्याची सवलत मिळू शकते. जिवाला तातडीचा धोका असेल तर मात्र वर्षअखेरची वाट पाहायची नाही. २४ तासांच्या आत लोकांना कळवायचे. या व्यवस्थेने अमेरिकेतील सगळे नळ निर्मळ झाले असे नाही. मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात २०१४ नंतर पाण्यात शिसे उतरले, आणि २०१५ मध्ये दोन नमुने हिशेबातून वगळल्यामुळे शिशाची पातळी कागदावर मर्यादेत बसली. अहवाल खोटा असू शकतो, हे यातून दिसते. पण तो प्रसिद्ध होत होता म्हणूनच नागरिकांना आणि डॉक्टरांना त्याच्याशी भांडता आले, हेही त्यातूनच दिसते. फायलीतल्या आकड्याशी कोणाला भांडता येत नाही.

आपल्या दारातले उदाहरण फार जुने नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काहींचा मृत्यू झाला. अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. वॉकरटनच्या नळांत उतरलेल्या दोन जंतूंपैकी हा एक होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली होती. परंतु हद्द बदलली तरी पाण्याची व्यवस्था एका रात्रीत बदलत नाही. विहिरीचे पाणी क्लोरीन टाकून पुरविले जात होते, आणि संशय त्या पाण्यावर गेला. त्यानंतर नमुने घेतले गेले, क्लोरीन मोजला गेला, खाजगी शुद्धजल केंद्रेही तपासली गेली. हे सारे आवश्यकच होते. परंतु रोगाने दार ठोठावल्यावर जे आकडे चर्चेला आले, ते त्याआधी दर आठवड्याला त्या वस्त्यांत लावले गेले असते, तर एखाद्या गृहिणीने, एखाद्या शिक्षकाने ‘आज शून्य का?’ असे विचारले असते. रोग टळलाच असता असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रश्न मात्र वेळेवर विचारला गेला असता.

लोकांना आकडे सांगितले तर घबराट होईल, हा आपल्या नोकरशाहीचा आवडता आक्षेप आहे. तो वरवर जबाबदारपणाचा वाटतो. वस्तुतः घबराट माहितीने होत नाही. ती अर्धवट माहितीने आणि अफवेने होते. जानेवारी २०२५ मध्येच बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. नायट्रेटचे वाढलेले प्रमाण पुढे आले. नंतर चर्चा धान्यातील सेलेनियमकडे वळली. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे पाणी वाईट आहे, हे तेथील लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु ते नेमके किती वाईट, गेल्या वर्षी किती होते आणि यंदा किती, याची गावाजवळ उघडी नोंद असती, तर नव्या आजाराचे कारण जुन्या दोषात शोधायचे की अन्यत्र, हे ठरविणे सोपे गेले असते. नित्याचा आकडा ठाऊक असलेला माणूस घाबरत नाही. तो तुलना करतो.

दुसरा आक्षेप असा की, लोकांना हे आकडे कळणार नाहीत. हा आक्षेप तर लोकांचा अपमान करणारा आहे. दुधाचे फॅट, मातीचा सामू आणि बाजारभावातील चढउतार जाणणाऱ्या शेतकऱ्याला ‘०.२ पेक्षा कमी म्हणजे पाणी असुरक्षित’ हे समजणार नाही, असे मानायला आधार नाही. मात्र आकड्याबरोबर काय करायचे हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे प्रत्येक शंकेवर ‘पाणी उकळून प्या’ हे एकच उत्तर दिले जाते. जंतूंच्या बाबतीत ते योग्य आहे. नायट्रेट किंवा फ्लोराइडच्या बाबतीत ते निरुपयोगीच नव्हे, तर उलटे आहे. कारण उकळल्याने पाणी आटते आणि हे क्षार मागे राहून त्यांचे प्रमाण वाढते. अधिक नायट्रेटचे पाणी तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते. यवतमाळ जिल्ह्यात ज्या गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, तेथे मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि उतारवयात हाडे व सांधे जखडतात. अशा ठिकाणी ‘उकळून प्या’ हा सल्ला म्हणजे अज्ञानावर घातलेले सरकारी पांघरूण होय.

लाल, पिवळ्या आणि हिरव्या कार्डाची कल्पना चांगली आहे, कारण तिची भाषा निरक्षरालाही कळते. परंतु तिची मर्यादा ओळखली पाहिजे. हे कार्ड स्रोताची स्वच्छता, गळती, टीसीएलचा साठा यांची पाहणी करून दिलेले असते. ऑक्टोबरमध्ये मिळालेले हिरवे कार्ड जुलैतल्या नळाची हमी देऊ शकत नाही. तीच गोष्ट प्रयोगशाळेतील निकालाची. वर्षातून दोनदा जैविक तपासणी झाली तर दोन दिवसांविषयी ज्ञान मिळते. उरलेल्या ३६३ दिवसांविषयी आपण केवळ आशा बाळगतो. ती दरी भरून काढणारी, स्वस्त आणि रोज करता येण्यासारखी चाचणी एकच आहे : गावातील शेवटच्या नळाला किती क्लोरीन उरला आहे, हे पाहणे. टाकीजवळच्या नळाला नव्हे, शेवटच्या. कारण वाटेत कोठे जलवाहिनी फुटून गटाराचे पाणी आत शिरत असेल, तर क्लोरीन तेथे खर्ची पडतो आणि शेवटच्या नळावर त्याचा पत्ता लागत नाही.

यासाठी नवे महामंडळ नको की नवे मिशन नको. ग्रामपंचायत, शाळा आणि अंगणवाडी यांच्या बाहेर एक फळा असावा. त्यावर तारीख, वेळ, कोणत्या नळाचे पाणी, क्लोरीन किती आणि कोणी पाहिला, एवढे रोज लिहिले जावे. तपासणी झाली नसेल तर ‘तपासणी झाली नाही’ असेच लिहावे; ‘निरंक’ हा शब्द तेथे बंद करावा. प्रयोगशाळेने दूषित नमुन्याचा निकाल ग्रामपंचायतीबरोबरच प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावा आणि २४ तासांच्या आत गावात दवंडी वा ध्वनिक्षेपकावरून तो सांगितला जावा. आणि वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वीच्या १ मेच्या ग्रामसभेत, किती नमुने घ्यायचे होते, किती घेतले, किती बिघडले आणि त्यावर काय केले, याचे एका पानाचे निवेदन वाचून दाखवावे. अमेरिकेतील नियमाप्रमाणे हे निवेदन पाणी पिणाऱ्यापुढे ठेवण्याचे सक्तीचे बंधन आपल्याकडे नाही. ते कायद्यानेच आले पाहिजे. बाटलीतले पाणी विकणाऱ्याला बाटलीवर तारीख छापावी लागते. नळाच्या पाण्याला तेवढाही दाखला नसावा, हे गरिबाच्या पाण्याकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीचे निदर्शक आहे.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल. बिघडलेला नमुना हा गुन्हा मानू नये. तो लपविणे हा गुन्हा मानावा. दूषित नमुना निघाला की जलसुरक्षकाला नोटीस, सरपंचाला ताकीद आणि तालुक्याला ठपका, अशी रीत असेल, तर कोणता शहाणा माणूस शेवटच्या नळाचे पाणी बाटलीत भरील? तो टाकीजवळच्या, नुकत्याच टीसीएल टाकलेल्या पाण्याचाच नमुना घेईल. वॉकरटनच्या वहीतले ठराविक आकडे आळसातून आणि चुकीच्या समजुतीतून जन्मले. आपल्याकडे त्यांना भीतीचीही जोड मिळेल. ज्याच्या हातात टीसीएलचे पोते दिले त्याला वेळेवर मानधन, थोडे शिक्षण आणि खरे सांगण्याची मुभा, या तीन गोष्टी दिल्याशिवाय फळ्यावरचा आकडाही एक दिवस निरंकाचाच धाकटा भाऊ होईल.

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोठे होऊ शकेल. शिक्षकांवर आणखी एक विवरणपत्र लादावे, असा याचा अर्थ नाही. तशी विवरणपत्रे त्यांच्या वाट्याला पुरेशी आली आहेत. पण विज्ञानाच्या तासाला शाळेच्या नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात क्लोरीन उरला आहे का, हे मुलांनीच पाहावे आणि तो आकडा बाहेरच्या फळ्यावरच्या आकड्याशी ताडावा. विज्ञानाचा आणि नागरिकशास्त्राचा असा पाठ एकाच वेळी देणारा प्रयोग दुसरा क्वचितच सापडेल. दोन आकडे जुळले तर गावाचा विश्वास वाढेल. जुळले नाहीत तर मुलगी घरी जाऊन आईला सांगेल, आणि वॉकरटनमध्ये जे चार दिवस एका कचेरीत अडकून पडले, ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावभर होईल.